ज्वालामुखीच्या काठावर आम्ही दोघे



मागील दोन अंकांत जावा बेटावरील बोरोबुदूरच्या महास्तूपाची माहिती दिली होती. त्यावर बरीच पत्रे आली. एका भगिनीने लिहिले आहे, "स्तूपाला वंदन करायला गेलात हे समजले. पण तिथून पुढे म्हणे तुम्ही दोघे आगीच्या डोंगरावर चढलात. नातवंडे खेळवायच्या वयात हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा आज त्याविषयीच.

आपण लेण्यांची माणसे. कार्ले, भाजे, अजिंठा, नाशिकची त्रिरश्मी लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत, तो कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. सह्याद्रीच्या कड्यावर ज्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्या ह्याच थरांच्या. बोरोबुदूरचा दगडही ज्वालामुखीचाच, फक्त जात वेगळी. त्याला अँडेसाइट म्हणतात. आपल्याकडची भट्टी केव्हाच विझली, तिकडची अजून पेटलेली आहे. ज्या दगडावर आपल्या पूर्वजांची छिन्नी चालली तो जन्मतो कसा, हे एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच आमची इच्छा.

शाळकरी मुले विचारतील, भारतात जिवंत ज्वालामुखी नाही काय? आहे. अंदमान समुद्रात बॅरन नावाचे निर्मनुष्य बेट आहे. सुमारे दीडशे वर्षे शांत राहून ते १९९१ साली पुन्हा धुमसू लागले. पण त्या बेटावर उतरता येत नाही, बोटीतून लांबूनच पाहावे लागते. इंडोनेशियात मात्र सव्वाशेहून अधिक जिवंत ज्वालामुखी आहेत आणि त्यांच्या उतारावर लोक भात पिकवतात, मुले शाळेत जातात, लग्ने होतात.

बोरोबुदूरहून दिसणारा धुराचा डोंगर म्हणजे मेरापी. स्तूपापासून सुमारे तीस किलोमीटर. त्यावर चढायचा विचारही आम्ही केला नाही, कारण २०१८ पासून त्याच्या शिखराची वाट बंद आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१० मध्ये हा डोंगर फुटला तेव्हा साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. बोरोबुदूरच्या बुद्धमूर्तींवर राखेचा थर बसला आणि तो झाडून काढायला गावकरी व स्वयंसेवक महिनोन्महिने राबले.

त्या वेळची एक गोष्ट आपल्या लोकांनी ऐकण्यासारखी आहे. मेरापीच्या अंगावरील एका गावात मरिजान नावाचे वृद्ध गृहस्थ राहत. योग्याकार्ताच्या सुलतानाने त्यांना डोंगराच्या देवतेचा राखणदार नेमले होते. २००६ साली डोंगर खवळला तेव्हा ते गाव सोडून गेले नाहीत आणि वाचले. त्यामुळे त्यांची ख्याती पसरली. पुढे २५ ऑक्टोबर २०१० रोजी शास्त्रज्ञांनी धोक्याचा सर्वांत वरचा इशारा दिला. गाव रिकामे करा म्हणून सांगितले. वृद्ध गृहस्थ जागचे हलले नाहीत, आणि त्यांच्याकडे पाहून आणखी काहीजण थांबले. दुसऱ्या दिवशी तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट आला. त्यांचा अंत झाला, गावात इतरांचाही झाला. माणूस प्रामाणिक होता, आपले काम सोडून पळाला नाही, हे मान्य करावे लागेल. पण ज्यांनी यंत्रांवरील नोंदी वाचणाऱ्यांचे ऐकले ती लाखो माणसे वेळीच हलवली गेली, आणि त्यातली हजारो आज त्यामुळेच हयात आहेत. इंडोनेशियात धोक्याचे चार टप्पे ठरवले आहेत. पर्यटकाने देवाला नारळ फोडण्यापेक्षा त्या दिवशी टप्पा कितवा आहे तेवढे विचारावे.

नंतर ब्रोमो नावाचा डोंगर पाहिला. तो सोपा. राखेचे मैदान ओलांडायचे, सुमारे अडीचशे पायऱ्या चढायच्या, की समोर विवराचे तोंड. तिथले तेंग्गेर लोक वर्षातून एकदा कासादाच्या सणाला भाजी, कोंबड्या, बकऱ्या त्या तोंडात अर्पण करतात. वरून एकजण टाकतो आणि आतल्या उतारावर उभे राहिलेले दुसरे गरीब लोक जाळी लावून ते झेलतात! आम्ही गेलो तेव्हा सण नव्हता, वाटाड्याने सांगितले. आमच्या आयुष्मती म्हणाल्या, "देवापर्यंत काहीच पोचत नाही, हे त्या झेलणाऱ्यांना टाकणाऱ्यांपेक्षा आधी कळलं म्हणायचं."

खरी चढाई झाली ती इजेन डोंगराची. जावाच्या पूर्व टोकाला, बान्युवांगी जिल्ह्यात. ह्या डोंगराच्या माथ्यावर सुमारे एक किलोमीटर रुंदीचे तळे आहे. दिसायला मोरपंखी, पण पाणी इतके आम्लाचे की बॅटरीतल्या अ‍ॅसिडची आठवण व्हावी. काठाशी जमिनीच्या चिरांतून गंधकाचे वायू फुंकल्यासारखे बाहेर येतात. ते हवेला लागताच पेट घेतात आणि रात्री त्यांची निळी ज्योत दिसते. पुष्कळजण तिला 'निळा लाव्हा' म्हणतात, ते चूक आहे. तो लाव्हा नव्हे, जळणारे गंधक आहे. दिवसा ती ज्योत दिसत नाही, म्हणून मध्यरात्री चढायचे.

जाण्याआधी डॉक्टरकडून प्रकृतीचा दाखला घ्यावा लागला. ते योग्यच आहे. दमा असणाऱ्याने, हृदयाचे दुखणे असणाऱ्याने, गरोदर बाईने इथे जाऊ नये. आमच्या आयुष्मतींनी तीस वर्षे इस्पितळात परिचारिका म्हणून काढली आहेत, त्यामुळे ह्या बाबतीत घरात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवावी. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजू नये. वायू फार वाढला की नाकच बधिर होते. साधा रुमाल पुरत नाही, गाळणी असलेला मुखवटा भाड्याने मिळतो तो घ्यावा. मार्च २०१८ मध्ये इथून विषारी वायू सुटला तेव्हा पायथ्याच्या गावातील माणसांना इस्पितळात न्यावे लागले होते.

पायथ्याच्या पालतुडिंग ह्या ठिकाणी पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. उंची सुमारे १८५० मीटर, म्हणजे महाबळेश्वरहूनही वर. थंडीने दात वाजत होते. दोनला फाटक उघडले आणि विजेऱ्यांची रांग अंधारात वर सरकू लागली. विवराच्या काठापर्यंत तीन किलोमीटर वाट. पहिली दोन किलोमीटर उभी चढण, पायाखाली भुसभुशीत माती.

आणि तिथेच ते भेटले. दोन चाकांची हातगाडी, त्यात बसायला गादी, पुढून दोरीने ओढणारे दोघे, मागून रेटणारा एक. "टॅक्सी! टॅक्सी!" अशी हाक देत ते चढणाऱ्यांच्या बाजूने चालत राहतात. कोण दमतो, कोण लंगडतो, यावर त्यांची नजर. आमचा, म्हणजे हे लिहिणाऱ्याचा, डावा गुडघा अर्ध्या तासातच बोलू लागला. त्यांनी ते अचूक हेरले. एक पन्नाशीतला गृहस्थ आमच्या बरोबरीने चालू लागला. आयुष्मतींना तो 'इबू' म्हणे. त्यांच्या भाषेत इबू म्हणजे आई.

इथे आमच्या दोघांत वाद पडला. अंधारात, चढणीवर, धापा टाकत.

आमचे म्हणणे असे की, माणसाने माणसाच्या खांद्यावर बसू नये. आपल्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांची ओझी वाहिली, मेलेली ढोरे ओढली. बाबासाहेबांनी त्यातून आपल्याला बाहेर काढले ते दुसऱ्याला गाडीला जुंपण्यासाठी नव्हे.

आयुष्मती म्हणाल्या, "तुमचा स्वाभिमान तुमच्यापाशी ठेवा. तो रात्री एकला उठून इथं आलाय, त्याला आज काय मिळणार ते सांगा."

आम्ही म्हटले, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, "तत्त्व तुमचं, उपाशी घर त्याचं. हे कुठलं तत्त्व?"

वाटाड्याकडून दर विचारला. एका माणसाला वर नेऊन खाली आणायचे आठ-दहा लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नये. आपल्या एका रुपयाला त्यांचे सुमारे पावणेदोनशे ते दोनशे रुपिया पडतात. म्हणजे साधारण साडेचार-पाच हजार रुपये, ते तिघांत वाटून. तेवढ्यात आम्हाला कळले की हे तिघेही पूर्वी गंधक वाहायचे. गंधक सोडून ते पर्यटक ओढू लागले, कारण त्यात वायू खावा लागत नाही आणि पैसा बरा मिळतो.

आम्ही गाडीत बसलो नाही. आयुष्मतींनी त्या गृहस्थाला आमच्या दोन्ही पिशव्या दिल्या आणि मजुरी ठरवली. त्याने त्या आनंदाने घेतल्या, पण गाडीचे गिऱ्हाईक गेले हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. "बघितलंत?" एवढेच त्या म्हणाल्या.

साडेचारच्या सुमारास काठावर पोचलो. त्या दिवशी विवरात उतरायला परवानगी होती. ती रोज असतेच असे नाही. गुडघ्यामुळे आम्ही वरच थांबायचे ठरवले. आयुष्मती म्हणाल्या, "मग मी जाऊन येते." वाटाड्याबरोबर मुखवटा लावून त्या निघाल्यादेखील. दगडांवरून खाली जाणारी ती एकच विजेरी आमच्या नजरेने धरून ठेवली होती, आणि मध्ये वाऱ्याने धुराचा लोट फिरवला की ती दिसेनाशी होई. चाळीस वर्षांच्या संसारात इतका वेळ आम्ही दुसऱ्या कशाकडे पाहिले नसेल.

खाली त्यांनी जे पाहिले ते त्यांच्याच सांगण्यावरून लिहितो. वायू जिथून निघतो तिथे नळ बसवले आहेत. नळातून जाताना वायू निवतो, त्याचा लालभडक रस होऊन ठिबकतो आणि थंड झाला की पिवळाधमक होतो. तो पहारीने फोडायचा, दोन टोपल्यांत भरायचा आणि बांबूच्या कावडीने खांद्यावर घ्यायचा. हो, कावडच. आपल्याकडे पाण्याची असते तशी. फक्त हिच्यात सत्तर ते नव्वद किलो दगड. ती घेऊन आधी विवराचा कडा चढायचा, मग पुढची वाट. हल्ली काठापासून खाली गंधकही हातगाडीवर नेतात, पण विवरातून काठापर्यंतची चढण खांद्यावरच आहे. धूर अंगावर आला की हे लोक ओले फडके दातांत धरतात.

एका कामगाराने विसाव्यासाठी कावड दगडावर टेकवली होती. आयुष्मतींनी खुणेने विचारून तिचा दांडा उचलून पाहिला. हलला नाही. मग त्याने शर्ट बाजूला करून खांदा दाखवला. दोन्ही खांद्यांवर लिंबाएवढ्या घट्ट्यांच्या गाठी. त्या गाठीवर त्यांनी बोट ठेवले. आयुष्मतींचे वडील मस्जिद बंदरच्या गोदामात गोणी वाहायचे. त्यांच्या मानेखाली अगदी अशीच गाठ होती. लहानपणी ती रोज तेलाने चोळायचे काम ह्यांचे असे.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली एक शिफारस केली आहे. पुरुष कामगाराने हाताने वाहायचे वजन जास्तीत जास्त ५५ किलो असावे. आपल्याकडे माथाडी-हमालांचा कायदा १९६९ साली झाला, तोही सुखासुखी मिळाला नाही. इजेनच्या कामगाराला किलोमागे हजार-सव्वा हजार रुपिया मिळतात असे आम्हाला सांगण्यात आले. म्हणजे सत्तर किलोच्या खेपेला आपले पावणेचारशे ते साडेचारशे रुपये. दिवसाला एक खेप, फार तर दोन. गंधक कशाला लागते? काडेपेटीला, रबराला, खताला आणि साखर पांढरी करायला. आपल्या महाराष्ट्रातील कारखान्यांतही उसाचा रस गंधकाच्या धुरानेच निवळतात. ते गंधक इजेनचे नसते. पण चहात पडणारी साखर कशी पांढरी होते हे ह्या निमित्ताने घरातल्या मुलांना सांगायला हरकत नाही.

विवरातून वर आल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. डोळे लाल झाले होते. धुराने, असे त्यांचे म्हणणे. मग म्हणाल्या, "बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा धनबादच्या खाणीत स्वतः खाली उतरले होते, असं तुम्ही भाषणात सांगता ना? काठावरनं दिसत नाही ते." डिसेंबर १९४३ मधील ती भेट. आम्ही ती अनेक भाषणांत सांगितली आहे. त्या दिवशी आम्ही काठावर होतो आणि त्या खाली जाऊन आल्या होत्या, तेव्हा ऐकून घेतले.

उजाडले. तळे हळूहळू मोरपंखी झाले. सुंदर आहे, यात शंकाच नाही. धूर सोनेरी होतो, पलीकडच्या डोंगरांच्या कडा दिसू लागतात. लोक फोटोसाठी कड्याच्या टोकावर उभे राहत होते. एप्रिल २०२४ मध्ये असाच फोटो काढताना एक परदेशी पर्यटक महिला नवऱ्याच्या देखत कड्यावरून पडून मरण पावली. जोडीने जाणाऱ्यांनी हे विसरू नये. फोटो कठड्याच्या अलीकडूनही येतो.

उतरताना वाटेत वजनकाट्याची जागा लागते. आमच्या पिशव्या घेतलेला गृहस्थ तिथे बसला. त्याने विचारले, कुठले? भारत म्हणताच तो खुलला, "शाहरुख खान!" आम्ही बाबासाहेबांचे नाव सांगून पाहिले. ते त्याला ठाऊक नव्हते. असो. तेवढ्यात एक धिप्पाड पर्यटक गाडीत बसून खाली चालला होता, ओढणारे तिघेही हसत होते. आयुष्मतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काठीकडे पाहिले.

घरी आल्यावरही वाद मिटलेला नाही. आम्ही माथेरानचा दाखला देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ते आपल्याच समाजाचे, अमरावतीचे, हे वाचकांना सांगायला नको. माणसाने माणसाला ओढणे संविधानाच्या प्रतिष्ठेच्या वचनाशी बसत नाही, असा त्या निकालाचा आशय. आयुष्मती तोच निकाल आमच्यावर उलटवतात. "पुढचं वाचा की! रिक्षा ओढणाऱ्यालाच ई-रिक्षा द्या, असंही त्यात आहे. न्यायालयानं त्याचं पोट आधी विचारात घेतलं. तुम्ही नुसतं बसलो नाही म्हणून सांगत सुटलात." यावर आमच्यापाशी उत्तर आहे, पण ते त्यांना पटत नाही. अजिंठ्यालाही खुर्चीची डोली वाहणारी माणसे आहेत. पुढच्या वर्षी लेण्यांना जायचे आहे, आणि गुडघा काही सुधारणारा नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडेसे. पावसाळ्यात जाऊ नये, तिकडचा कोरडा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, त्याला पाच लाख रुपिया पडतात. गरम कपडे, दोन विजेऱ्या, पायात चांगले बूट. बोरोबुदूर आधी, डोंगर नंतर. विवराजवळ गंधकाची छोटी कासवे विकायला असतात, कामगारच ती साच्यात ओततात. आम्ही एक घेतले. पण गंधक पेट घेणारा पदार्थ, विमानात चालत नाही, म्हणून ते आमच्या चालकाच्या मुलीला दिले. आपण विकत घ्यावे, तिथेच कोणाला द्यावे.

अजिंठ्याच्या, माथेरानच्या किंवा आणखी कुठल्या वाटेवर आपल्यावर हाच प्रसंग आला असेल, तर आपण बसलात की चाललात, आणि घरात त्यावरून काय झाले, ते पोस्टकार्डावर दोन ओळीत जरूर कळवावे. आलेल्या पत्रांतील निवडक पुढील एखाद्या अंकात देऊ. भगिनींची पत्रे आयुष्मती स्वतः वाचणार आहेत.

जयभीम!